जन्मसालाचं चाक

चेन्नईत नवी नोकरी धरली, तेव्हा मी नक्की काय काम करते हे आईला फोनवर सांगताना माझी दमछाक व्हायची.

“म्हणजे तू मशीन बनवतेस?”

“नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं लोकांना वापरता येतंय का, ते शेजारी बसून बघते.”

“आणि नाही आलं की शिकवतेस?”

“नाही. गप्प बसते आणि लिहून घेते.”

आईनं थोडा विचार केला आणि सांगलीत सगळ्यांना सांगून टाकलं, की मुलगी मद्रासला तक्रारी लिहून घ्यायच्या खात्यात आहे. हे इतकं बरोबर होतं की मी दुरुस्ती सुचवली नाही.

आमचं ऑफिस नुंगंबाक्कमला, साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला. मी सांगतेय त्या वर्षी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी एक टचस्क्रीन तयार करत होतो. दवाखान्यात शिरलं की दाराशीच एक मोठा पडदा. पेशंटनं त्यावर बोटानं आपली जन्मतारीख घालायची, मग डॉक्टरांना भेटायची तारीख आणि वेळ निवडायची. टाइप करायची भानगड नको म्हणून जन्मतारखेला तीन चाकं होती, दिवसाचं, महिन्याचं आणि सालाचं. बोटानं वरखाली ढकलली की ती फिरायची. वेळेसाठी घड्याळाची गोल तबकडी होती.

ही चाकं आमच्या ऑफिसातल्या एका प्रोग्रामरनं बनवली होती. चाळिशीचा, मऊ बोलणारा तमिळ गृहस्थ. घरी दोन मुली होत्या, पण तो ज्या सुरात मुलींबद्दल बोलायचा त्याच सुरात चाकांबद्दलही बोलायचा. हलकं ढकललं तर चाक किती घरं पुढे जाईल, जोरात ढकललं तर किती, थांबताना कसं हळूहळू थांबेल, यावर त्यानं दोन महिने घालवले होते. ऑफिसातल्या प्रत्येकानं ती फिरवून पाहिली होती. कुणालाही अडचण आली नव्हती.

आमच्या मॅनेजरबाईंना हे पटलं नाही. “इथं मोतीबिंदू कुणाकुणाला आहे?” त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. कुणीच हात वर केला नाही. “मग साठीच्या पुढची माणसं आणा. चार-पाच तरी.”

“दोन माझ्या घरातच आहेत,” मी म्हणाले.

घरात म्हणजे खालच्या मजल्यावर. अण्णा नगरात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते ते नवरा-बायको तंजावरी मराठी. चेन्नईत घरमालकिणीला मामी म्हणायची पद्धत असल्यामुळे त्या माझ्या मामी आणि त्यांचे यजमान मामा. मामा रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मामी घरी मुलांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवायच्या. मी खोली बघायला गेले तेव्हा मामींनी दार उघडून पहिला प्रश्न विचारला होता, “तू मराठी होऊन इथे काय म्हणून आलीस ग?” मला वाटलं या रागावल्या आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘काय म्हणून’ म्हणजे नुसतं ‘का’, हे कळायला मला आठवडा लागला. त्यांची मराठी जुन्या पत्रांतल्यासारखी होती आणि चाल पूर्ण तमिळ. माझी मराठी त्यांना टीव्हीवरच्या बातम्यांसारखी वाटायची. पण एकमेकींना सगळं समजायचं, आणि समजलं नाही तर मामी सरळ माझ्या पानात आणखी भात वाढायच्या.

मामांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. वांगी कुठून आणावीत इथपासून मुलीनं परदेशात घर घ्यावं की नाही इथपर्यंत, कुठलाही वाद झाला की शेवटी मामा म्हणायचे, “तुझ्याहून दोन वर्षं अधिक पाहिलीत मी.” यावर मामी काही बोलत नसत. स्वयंपाकघरात निघून जात. मला वाटायचं, बिचाऱ्या किती सोशिक.

चाचणीचं विचारल्यावर मामा लगेच तयार झाले. मामी म्हणाल्या, “मला मशीन काय येतं ग?”

“तुमची परीक्षा नाहीच मामी. परीक्षा मशीनची आहे. चुकलं तर मशीन चुकलं.”

हे वाक्य आम्ही सगळ्यांनाच सांगतो. मामींनी ते फार मनापासून ऐकून घेतलं, हे मला पुढे कळलं.

सकाळी दहाला ऑटोनं आम्ही तिघं ऑफिसात पोचलो. मामा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. मामी ठेवणीतल्या सुती साडीत, केसांत मोगरा. मॅनेजरबाईंनी दोघांना कॉफी दिली. मामींनी ती चाखली, कप बाजूला ठेवला आणि त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. तंजावरकडच्या माणसाकडून कॉफीला याहून कडक शेरा मिळत नाही.

आमच्याकडे दोन खोल्या असतात. एकीत टचस्क्रीन, पेशंटच्या जागी बसलेलं माणूस आणि शेजारी मी. दुसरीत बाकीची मंडळी टीव्हीवर सगळं बघत बसलेली. पडद्यावर जे दिसतं ते तिथं दिसतं, आम्ही बोलतो ते तिथं ऐकू येतं. हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं आणि त्यावर सही घेतो. मामांनी तो कागद शब्द न् शब्द वाचला आणि त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मामींनी चष्मा पर्समध्येच ठेवून सही केली. “वाचून दाखवू का?” मी विचारलं. “तू आहेस की,” त्या म्हणाल्या. तेव्हा मी वाचून दाखवायला हवं होतं.

आधी मामा बसले. जन्मतारखेला त्यांनी एका बोटानं चाक एवढं जोरात ढकललं की साल थेट एकोणीसशेच्या खाली गेलं. मामांनी हात मागे घेतला आणि चाक थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग हलक्या हातानं उलटं आणलं, त्रेपन्नवर थांबले आणि म्हणाले, “बेअरिंग ढिलं आहे.”

“म्हणजे काय वाटलं तुम्हाला?” मी नियमाप्रमाणे विचारलं.

“वाटलं नाही. आहे. डब्याचं चाक असं फिरलं तर गाडी अरक्कोणमला थांबायची ती काटपाडीला थांबेल.”

मग वेळेची तबकडी आली. तिच्यावर आधी तास निवडायचा, मग तीच तबकडी मिनिटांची होते. मामांनी मात्र मोठा काटा बोटात धरून खऱ्या घड्याळासारखा गोल गोल फिरवायला घेतला, म्हणजे तास आपोआप पुढे सरकेल. तास जागचा हलला नाही.

“छोटा काटा कुठे आहे?”

“तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?”

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी भाडं थकवलंय असं कुणालाही वाटावं. “हे घड्याळ तुम्ही बनवलं, आणि काटा मी शोधायचा?”

हेही मी लिहून घेतलं. मामांना पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं, तिथं त्यांनी प्रोग्रामरशेजारची खुर्ची धरली आणि त्याला बेअरिंगबद्दल तमिळमध्ये सविस्तर समजावायला सुरुवात केली. मी मामींना आत घेऊन आले.

मामी खुर्चीच्या कडेला बसल्या. मी ठरलेलं वाक्य मराठीत म्हटलं, “मामी, तुम्ही दवाखान्यात आलाय असं समजा. आता तुमची खरी जन्मतारीख घाला. ही कुठं साठवली जात नाही, कागद-कार्ड काही लागणार नाही.”

“खरी?”

“हो, खरी.”

“कार्ड नको?”

“नको.”

मामींनी चष्मा लावला. दिवस घातला, डिसेंबर महिना घातला. मग सालाचं चाक. ते चालू सालावर उभं होतं आणि मामींना सत्तरच्या वर घरं मागे जायचं होतं. त्या हळूच ढकलायच्या, थांबायच्या, परत ढकलायच्या. दोन हजारच्या जरा आधी थांबून म्हणाल्या, “मुलगी कॉलेजात गेली.” आणखी मागे, “हे घर बांधलं. पाणी नव्हतं त्या वर्षी, सिमेंट वाळायचं.” सत्त्याहत्तरला बोट क्षणभर रेंगाळलं, “लग्न.” मग बोट पुन्हा चालू लागलं. चाक साठच्या खाली आलं. अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न, पंचावन्न.

पलीकडच्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर मॅनेजरबाईंनी सांगितलं. पंचावन्न आलं तसं मामा म्हणाले, “थांब.” चाक थांबलं नाही. चोपन्न, त्रेपन्न. “पुढे गेली! अय्यो, पुढे गेली!” मामा उठून उभे राहिले. चाक बावन्नवर थांबलं. प्रोग्रामरनं दोन्ही हातांत डोकं धरलं.

इकडे मी विचारलं, “हवं ते आलं का?”

मामींनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. नवं बांगडीचं डिझाइन बघावं तसं. “आलं,” त्या म्हणाल्या आणि हिरवं बटण दाबलं.

पुढचं काम डॉक्टरांची वेळ घ्यायचं. माझ्या कागदावर लिहिलं होतं, शुक्रवार, सकाळी अकरा. मामींनी शुक्रवार बरोबर निवडला आणि तबकडीपाशी हात मागे घेतला.

“अकरा नको.”

“पण मामी, अकराच निवडायचंय.”

“शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. डोळ्याचं काम राहुकाळात कोण करतं ग?”

“हे खोटं आहे मामी. समजा, फक्त.”

“खोटं असो, खरं असो. सव्वाबारा लिहिते.” आणि त्यांनी तबकडीवर पहिल्या झटक्यात सव्वाबारा लावले. मामांना न जमलेला काटा त्यांना एका बोटात जमला. पलीकडे मॅनेजरबाई म्हणाल्या म्हणे, “बरोबर आहे त्यांचं, मीपण अकरा घेतले नसते.”

काम संपलं. मामींनी चष्मा काढून पुसला. “हे सगळं कोण बघतं?”

“आमचे लोक. पलीकडे टीव्हीवर दिसतं त्यांना. मामाही तिथंच बसलेत.”

मामींचा चष्मा पुसणारा हात थांबला. “आत्ता? मी करत होते तेव्हा?”

“हो.”

त्यांनी चष्मा पर्समध्ये ठेवला. मग माझ्या वहीकडे बोट दाखवून अगदी शांतपणे म्हणाल्या, “चाक घसरलं. बावन्नला गेलं आपोआप. लिहून घे.”

“पण तुम्ही तर हवं ते आलं म्हणालात.”

“चष्मा नव्हता.”

चष्मा होता, पण मामी चुकल्या तर मशीन चुकलं, हे मीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं: सालाचं चाक तीन घरं पुढे घसरलं, वापरणाऱ्या बाईंना कळलंसुद्धा नाही.

परत जाताना ऑटोत मामा एकटेच बोलत होते. बेअरिंग, घर्षण, ब्रेक. मामी बाहेर बघत होत्या.

ऑफिसात मात्र हाहाकार उडाला. चाक पुढे गेलं, हे एक वेळ चालतं, माणूस ते मागे आणतो. पण चुकीचं साल माणसाला कळत नाही आणि ते हिरवं बटण दाबून मोकळं होतं, ही मॅनेजरबाईंच्या मते सर्वांत वाईट जातीची चूक होती. दवाखान्यात अशी जन्मतारीख चुकली तर एकाचं ऑपरेशन दुसऱ्याच्या नावावर जाईल. प्रोग्रामरनं मामींचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. बोट कुठं उचललं, कधी उचललं, सगळं मोजलं. त्याला चूक सापडेना. “बोट बावन्नवरच उचललंय,” तो मला म्हणाला. “बाई बावन्नवरच थांबल्यात. पण त्या तर पंचावन्नच्या. म्हणजे आकडे दिसतायत एक आणि बोटाखाली आहे दुसरंच.” शनिवार-रविवार तो घरी गेला नाही असं नाही, पण लॅपटॉप घेऊन गेला. धाकट्या मुलीचा नाच होता शाळेत, तो त्यानं मागच्या रांगेत बसून, मांडीवर चाक फिरवत पाहिला. मुलगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हे सगळं मी मामींना सांगितलं. मुद्दाम नव्हे, जिन्यात भेटल्या तेव्हा. त्या रोज विचारायच्या, “त्या चाकाचं काय झालं ग?” आणि मी रोज सांगायचे. मुलीच्या नाचाचं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती. ती त्यांनी पान न् पान ओरबाडून संपवली.

“एवढं काय म्हणून मनावर घेतो तो?”

“तसाच आहे तो, मामी. आणि आता चाक नवं केलंय. तुम्हाला परत यायचंय, बुधवारी. त्याच माणसांवर तपासायचं ठरलंय.”

“मी नाही येत.”

“ती येते,” आतून मामा म्हणाले. “दुरुस्ती केल्यावर टेस्ट नको? तिला काय कळतं. तुझ्याहून दोन वर्षं…”

मामी स्वयंपाकघरात गेल्या. पण बुधवारी आल्या.

या खेपेला प्रोग्रामरनं माझ्याशेजारी बसायची परवानगी मागितली होती. खरं तर हे नियमात बसत नाही, पण त्याची अवस्था बघून मॅनेजरबाईंनी हो म्हटलं. नवं चाक जाड होतं, आकडे मोठे होते, आणि प्रत्येक साल सरकताना ‘टिक्’ असा बारीक आवाज व्हायचा. कितीही जोरात ढकललं तरी दहाच्या पुढे जायचं नाही. मामांनी पलीकडच्या खोलीत जाण्याआधी एकदा स्वतः फिरवून पाहिलं आणि प्रोग्रामरच्या पाठीवर थाप मारली.

मामी बसल्या. मी तेच वाक्य म्हटलं. खरी जन्मतारीख. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा लावला. दिवस, महिना, मग साल. टिक्, टिक्, टिक्. या वेळी मुलीचं कॉलेज नाही, घर नाही, लग्न नाही. चाक सरळ पंचावन्नला येऊन थांबलं. मामींनी बोट उचललं.

भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज आला. त्यात मामांची टाळी ओळखू येत होती, ते कारखान्यातल्यासारखी एक-एक सावकाश वाजवतात.

प्रोग्रामरचा चेहरा उजळला. तो मामींना तमिळमध्ये म्हणाला, “मामी, माफ करा. मागच्या वेळी तुम्हाला त्रास झाला, चूक माझी होती. मला अजून नीट कळलेली नाही, पण चूक माझीच होती.”

मामी हिरव्या बटणाकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “मुलगी बोलते का तुझ्याशी?”

“आता बोलते.”

“काय नाचली ती?”

त्यानं खाली पाहिलं. “नीट नाही पाहिलं.”

मामींनी पदर सावरला आणि पुन्हा चाकावर बोट ठेवलं. टिक्. चोपन्न. टिक्. त्रेपन्न. टिक्. बावन्न.

“पुन्हा घसरलं?” प्रोग्रामर खुर्चीतून अर्धा उठला.

“बस. घसरलं नाही,” मामी तमिळमध्ये म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून, म्हणजे भिंतीपलीकडे कुणाला दोनदा विचारावं लागू नये. “तुझं चाक तेव्हाही बरोबर होतं. मी बावन्नची आहे.”

मी लिहायचं थांबवलं. असं काही झाल्यावर काय लिहायचं याचं आम्हाला प्रशिक्षण नाही.

पलीकडे एक खुर्ची सरकली. पावलं आली. दार उघडलं आणि मामा उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ते वजाबाकी करत होते.

“म्हणजे तू माझ्याहून एक वर्षानं मोठी.”

“आमां,” मामी म्हणाल्या. हो.

“तुझ्या शाळेच्या दाखल्यावर पंचावन्न आहे.”

“विषमज्वर झाला होता मला. शाळेत उशिरा घातलं, तेव्हा अप्पांनी साल पुढचं सांगितलं. मग तुमचं स्थळ आलं, तेव्हा दाखल्याप्रमाणे पत्रिका नवी करून घेतली. मला कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून कोणीच विचारलं नाही.” मग माझ्याकडे हात करून, “ह्या मुलीनं विचारलं. खरी सांगा म्हणाली. कार्ड नको म्हणाली. मला वाटलं, एकदा तरी लिहून बघू कसं दिसतं.”

मामा खुर्ची शोधून बसले. “आणि पत्रिका? दहातले आठ जुळले होते आपले. ते आठ कोणाचे मग?” तिकडे पत्रिकेत छत्तीस नव्हे, दहा गुण बघतात.

“मला काय ठाऊक,” मामी म्हणाल्या. “पंचावन्नमध्ये जन्मलेली कोणी असेल तिचे.”

प्रोग्रामरला हसू आवरेना. त्यानं खोकल्याचं नाटक केलं आणि बाहेर गेला. मॅनेजरबाई दाराशी आल्या, मला हातानं खूण केली की रेकॉर्डिंग बंद कर. ते मी अजून बंद केलं नव्हतं. ते आम्ही नंतर पुसून टाकलं, दोघांसमोर, मामांनी स्वतः बटण दाबून.

घरी जाताना ऑटोत मामा पुढे ड्रायव्हरशेजारी बसू का म्हणून विचारत होते. ड्रायव्हर नाही म्हणाला. मग ते मधे मला बसवून कडेला बसले आणि अण्णा नगर येईपर्यंत बोटांवर वर्षं मोजत राहिले. मला इतकं अपराधी वाटत होतं, की उद्यापासून दुसरी खोली बघावी असं मनात आलं. सही घेताना तो कागद मी वाचून दाखवला असता, तर मामींना कोण बघतंय ते ठाऊक असतं आणि पंचावन्नवरच सगळं मिटलं असतं. मी हे जिन्यात मामींना बोलून दाखवलं.

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “वाचलं असतंस तर मी लिहिलंच नसतं.” आणि रसम घेऊन जा म्हणून वाटी पुढे केली.

चार दिवस मामा कामापुरते बोलत होते. पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले. पायांत चपला, हातात वही, चेहरा तपासणीला निघालेल्या इन्स्पेक्टरसारखा. ते मैलापूरला ज्योतिषाकडे निघाले होते, खऱ्या सालाची पत्रिका मांडून घ्यायला.

“जन्मवेळ विचारेल तो. तिला विचारलं तर म्हणते, आई सांगायची की दूधवाला आला तेव्हा. तंजावरात दूधवाला किती वाजता येतो?”

“मामा, मी सांगलीची.”

“सांगलीत किती वाजता येतो?”

“साडेपाच-सहा.”

त्यांनी वहीत ‘५.४५’ लिहिलं आणि गेले.

दुपारी परत आले ते सरळ वर, माझ्याकडेच. रविवार होता. त्यांनी वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली. “चार,” ते म्हणाले. “दहातले चार. ज्योतिषी म्हणाला, हे लग्न करू नका.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, थोडा उशीर झाला.” ते स्वतःच हसले, आधी नाकातून, मग पोट धरून. मला पाणी आणावं लागलं. “अठ्ठेचाळीस वर्षं! चार गुणांवर! कारखान्यात चार पास होऊन सहा फेल झालेला डबा मी यार्डाच्या बाहेर सोडला नसता.”

खाली मामी जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. “चार पुरले की!” त्या खालून ओरडल्या.

ऑफिसात प्रकरण वेगळंच संपलं. मामींचा आक्षेप रद्द झाल्यावर जुनं चाकच परत बसवावं का, असा प्रश्न निघाला. पण दरम्यान आम्ही आणखी तीन आजी-आजोबांना बोलावलं होतं आणि त्यांनाही जुन्या चाकाचा वेग झेपला नव्हता, एक आजोबा तर इंग्रजांच्या काळात पोचून तिथंच हिरवं बटण दाबून मोकळे झाले होते. तेव्हा नवं, टिकटिकणारं चाक कायम झालं. तबकडीला दुसरा काटा मिळाला. राहुकाळ राखाडी रंगात दाखवावा ही प्रोग्रामरची सूचना दवाखान्यानं नाकारली. मॅनेजरबाई त्यावर जरा नाराज होत्या. प्रोग्रामरच्या मुलीनं त्याला पूर्ण नाच पुन्हा एकदा हॉलमध्ये करून दाखवला, आणि त्याचा व्हिडिओ त्यानं मामींना पाठवायला मला दिला. मामींनी तो सहा वेळा पाहिला आणि पावलं चुकतात म्हणाल्या.

डिसेंबरात मामींचा वाढदिवस आला. एरवी त्या दिवशी देवाला दिवा आणि पायसम एवढंच असायचं. त्या वर्षी मामांनी मला सकाळीच खाली बोलावलं. देवघरासमोर पाट मांडला होता आणि त्यावर मामी अवघडून बसल्या होत्या, नवी साडी, हळदकुंकू. त्यांच्या कडेला मामा उभे.

“मोठ्या माणसाला नमस्कार करायला हवा,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा किती आणि खरं किती ते मला कळेना. बहुधा त्यांनाही.

“काही तरी बोलू नका,” मामी म्हणाल्या.

“मोठी आहेस की नाहीस?”

मामींनी माझ्याकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं. “आहे.”

“मग?”

“मग करा की.”

मामा वाकले. गुडघ्यांचं दुखणं असल्यामुळे अर्ध्यावरच अडकले, खालीही जाता येईना आणि वरही येईना. मी धावत जाऊन एक कोपर धरलं, मामींनी पाटावरून उठून दुसरं. तशा अवस्थेत मामींनी दुसऱ्या हातानं त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि “दीर्घायुषी भव” म्हणाल्या, अगदी मोठ्या बहिणीच्या थाटात. मग आम्ही दोघींनी मिळून त्यांना सरळ केलं आणि खुर्चीत बसवलं.

जेवायला उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पचडी होती, सांबार, वड्या, शेवयांचं पायसम. मामांनी पायसम दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मामी म्हणाल्या, “साखर आहे तुम्हाला. माझं ऐका.” मामांनी तोंड उघडलं, “तुझ्याहून…” मग मिटलं आणि वाटी बाजूला ठेवली.